मनूच्या दंडावरचा सेन्सर आणि माझी बोटं

लिहायला बसले तेव्हा साखरेबद्दल लिहायचं ठरवलं होतं. इन्सुलिन, खाणंपिणं, सुया, थकवा. दोन पानं लिहिली आणि फाडून टाकली. त्यात सगळं बरोबर होतं, फक्त मी नव्हते. या आजारात मला सगळ्यात जास्त छळलं ते मत्सरानं, आणि तोही कोणाचा, तर माझ्या नऊ वर्षांच्या पुतणीचा. हे वाचून कोणी नाक मुरडलं तर मुरडू दे. ज्यांच्या घरात आजारी माणसं एकाहून जास्त आहेत, ते मुरडणार नाहीत.

नाशिक रोडला आमचं दोन मजली घर आहे. खाली सासूबाई आणि आम्ही दोघं, वर धाकटा दीर सचिन, जाऊ स्वाती आणि त्यांची मुलगी मनू. माझा मुलगा पुण्याला शिकतो. मनूला सातव्या वर्षी टाइप वन डायबेटिस निघाला. म्हणजे शरीर इन्सुलिन बनवणंच बंद करतं आणि ते जन्मभर बाहेरून टोचून घ्यावं लागतं. त्यानंतर दीड वर्षानं तोच आजार मला निघाला, एक्केचाळिसाव्या वर्षी. मनूचं आणि माझं रक्ताचं नातं नाही, त्यामुळे कोणाच्या घराण्यावर खापर फोडायचीही सोय नव्हती. सासूबाईंनी घराला नजर लागली असा निकाल दिला आणि दारात नवीन लिंबू-मिरची टांगली.

मनूच्या दंडावर सेन्सर होता. शर्टाच्या मोठ्या बटणाएवढा, पांढरा, चिकटवलेला. त्याच्या पोटातून केसाएवढी बारीक तार कातडीखाली जाते आणि दर काही मिनिटांनी आतली साखर मोजून आकडा फोनवर पाठवते. चौदा दिवसांनी तो काढायचा, दुसऱ्या दंडावर नवा लावायचा. बोट टोचायला नको, रक्त काढायला नको. आकडा खाली घसरायला लागला की फोन बोंबलतो.

हा आकडा स्वातीच्या फोनवर यायचा, सचिनच्या फोनवर यायचा आणि माझ्या नवऱ्याच्या, सुधीरच्या, फोनवर यायचा. सचिन फिरतीवर असतो, स्वातीची नोकरी सातपूरला. सुधीर आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचा कोर्स शिकवतो आणि मनूची शाळा त्याच्या कामाच्या जवळ आहे. काही झालं तर धावायचं त्यानंच. कारण अगदी रास्त होतं, म्हणून मला तक्रारही करता येईना. पण सकाळी डोळे उघडले की त्याचा हात आधी फोनकडे जायचा आणि तो म्हणायचा, "मनू एकशे बारा, छान." लग्नाला वीस वर्षं झाली, इतक्या उत्सुकतेनं त्यानं सकाळी उठून माझं तोंड कधी पाहिलं नव्हतं.

*

मी विंचूरच्या वाइन पार्कातल्या एका वायनरीत लॅबमध्ये काम करते. माझं काम साखर मोजायचं. द्राक्षातली. हंगामात बागेत जाऊन मणी तोडायचे, त्यांचा रस काढायचा आणि रिफ्रॅक्टोमीटर नावाच्या दुर्बिणीसारख्या नळीतून त्याचा ब्रिक्स, म्हणजे साखरेचं प्रमाण, बघायचं. तेवीस-चोवीस आला की तोडणीला हिरवा कंदील. सतरा वर्षं मी लोकांच्या बागेतली साखर सांगतेय. स्वतःची वाढलेली कळली नाही.

तीन महिन्यांत माझं अकरा किलो वजन उतरलं होतं. पॅकिंगच्या बायका विचारायच्या, वंदनाताई, कोणता क्लास लावला? मी नाकानं कांदे सोलत सांगायचे की क्लास-बिस काही नाही, संध्याकाळी भात सोडलाय. तहान लागायची ती फेब्रुवारीच्या उन्हानं, थकवा यायचा तो हंगामानं, डोळ्यांसमोर धूसर व्हायचं ते वयानं. प्रत्येक गोष्टीला माझ्याकडे कारण तयार होतं. एके दिवशी लॅबच्या स्टुलावरून उठताना पडले आणि सुपरवायझरनं गाडीत घालून नाशिकला आणलं.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी कागद दोनदा वाचला, माझ्याकडे बघितलं आणि सांगितलं की ही गोळ्यांनी भागणारी शुगर नाही. इन्सुलिन लागेल, आजपासून, कायमचं. मला मनू आठवली. तिचं निदान झालं त्या दिवशी घरात चूल पेटली नव्हती. सासूबाईंनी नवस बोलला होता, सचिन जिन्यात बसून रडला होता, माझा नवरा तीन रात्री वरच्या मजल्यावर जाऊन झोपला होता. माझ्या निदानाच्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "अगं, हल्ली सगळ्यांनाच असते शुगर. कारलं खात जा." संध्याकाळी हॉस्पिटलात आलेल्या डब्यातली भाजीही कारल्याचीच होती. पहिलटकरणीचं डोहाळजेवण होतं, दुसऱ्या खेपेला बाईनं आपलं आपण बाळंत व्हायचं, तसला प्रकार.

*

चार दिवस ॲडमिट होते. द्वारकेजवळचं हॉस्पिटल, तिसरा मजला, खिडकीतून उड्डाणपूल दिसायचा. पहाटे सिस्टर ट्रे घेऊन यायची, बोट टोचायची, थेंब पट्टीवर घ्यायची, आकडा लिहायची. नाश्त्याआधी, जेवणाआधी, जेवणानंतर, झोपताना. दुसऱ्या दिवशी तिनं साखर मोजायचं मशीन माझ्याच हातात दिलं आणि शिकवलं की पेराच्या मधोमध टोचू नका, कडेला टोचा, दुखणं कमी होतं. त्याआधी हात कोमट पाण्यानं धुवा, रक्त पटकन येतं. इतकी साधी माया त्या चार दिवसांत दुसऱ्या कोणी केली नाही. मी ते दोन्ही पाठ केलं. त्यातलं दुसरं घरी आल्यावर विसरले, त्याची कथा पुढे येईलच.

शेजारच्या कॉटवर सुरगाण्याकडच्या एक आजी होत्या. त्यांना बघायला जीप भरून माणसं आली. आत सोडेनात, तर सगळी खाली पायऱ्यांवर बसून राहिली, दोन दिवस. आजी उठून खिडकीपाशी जायच्या आणि नुसता हात हलवायच्या. खालून आठ हात हलायचे. मला भेटायला सुधीर यायचा, अर्धा तास बसायचा, त्यात दोनदा फोन बघायचा. फोनवर कोण, ते मला ठाऊक होतं. मी त्या आजींवरही जळले. त्यांच्या पायाला गँगरीन होण्याची भीती होती आणि मी त्यांच्या जीपवर जळत होते, यावरून माझी अवस्था ओळखा.

घरी सोडायच्या दिवशी डॉक्टरांनी सेन्सरचा विषय काढला. बाहेर उन्हातान्हात काम करता, साखर अचानक खाली गेली तर कळायला हवं, परवडत असेल तर लावून घ्या. सुधीरनं माझ्याकडे बघून विचारलं, "लावायचा का गं?"

मी म्हणाले, "नको. मला काय करायचाय? मनू लहान आहे, तिला ठीक आहे."

"बरं," तो म्हणाला आणि पिशवी उचलून चालायला लागला.

इथे जरा थांबते. आमच्याकडे पहिल्यांदा नको म्हणायची रीत आहे. पोळी वाढायला आलं की नको, दुसऱ्यांदाही नको, तिसऱ्यांदा 'बरं, अर्धी वाढा'. माझ्या माहेरी, निफाडला, पाहुण्यानं ताटावर आडवा हात धरला तरी बोटांच्या फटीतून जिलेबी पडते. नको म्हणायचं ते समोरच्यानं आग्रह करावा म्हणून. सुधीर जेवताना हे सगळं जाणतो. सासुरवाडीला गेला की तीन-तीनदा नको म्हणून चार-चार जिलेब्या खातो. आणि हॉस्पिटलच्या दारात माझं पहिलं नको त्यानं खरं मानलं. रिक्षात मी वाट बघत होते की घराच्या अलीकडचं दत्तमंदिर येईपर्यंत तरी पुन्हा विचारेल. दत्तमंदिर गेलं. तो म्हणाला, आज मनूचा सेन्सर बदलायचाय, बरं झालं वेळेत निघालो.

*

मनूचा सेन्सर बदलायचा दिवस आमच्या घरात सणासारखा असायचा. कोणता दंड, ते तिनं ठरवायचं. वरून चिकटवायची रंगीत पट्टी तिनं निवडायची, कधी मासा, कधी चांदणी. सुधीर एक-दोन-तीन म्हणून सेन्सर बसवायच्या डबीचा खटका दाबायचा आणि मग सासूबाई तिच्या हातावर दोन शेंगदाणे ठेवायच्या. एकदा सुधीरनं वापरून झालेला सेन्सर फोडला आणि भिंगाखाली धरून मनूला आतली तार दाखवली. केसाएवढ्या तारेवर एकावर एक पातळ थर कसे चढवलेत, एका थराशी साखर भेटली की इवलासा करंट कसा तयार होतो, हे तो असं रंगून सांगत होता की त्याच्या आयटीआयच्या पोरांना हेवा वाटावा. "या, बघा सगळ्यांनी," म्हणाला. मी गॅसपाशी होते. गॅस बंद करून हात पुसून बाहेर येईपर्यंत भिंग परत डबीत गेलं होतं.

खरं सांगते, मला ती तार बघायची होती. सतरा वर्षं लॅबमध्ये काढलेल्या बाईला अशा वस्तूची भूक असते. ती भूक वेगळी आणि जळफळाट वेगळा, पण त्या संध्याकाळी दोन्ही एकाच पोटात होते.

मी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, फ्रीजच्या आडोशाला बोट टोचायचे. दिवसातून चारदा, कधी पाचदा. आडोसा कोणी सांगितला नव्हता, मीच घेतला होता. आणि मग मला कोणी बघत नाही म्हणून धुसफुसायचे. बोटांची पेरं कडक व्हायला लागली. मणी दाबून तो पिकलाय का, हे मला बोटाला कळायचं. ते कळणं कमी झालं. त्याचाही राग मी मनूवर काढला, मनातल्या मनात. तिची बोटं मऊ होती, चित्रकलेच्या रंगांनी बरबटलेली.

एकदा शाळेत दाराला घासून तिचा सेन्सर निघाला आणि दोन दिवस नवा मिळाला नाही. तिला बोट टोचावं लागलं. ती रडली. मी तिला जवळ घेतलं, कडेला टोच म्हणून शिकवलं आणि आतून मला बरं वाटलं. लिहितानाही कान गरम होतायत, पण बरं वाटलं.

त्याहून वाईट सांगते. सुधीर आंघोळीला गेला की मी त्याचा फोन उघडून मनूचा आकडा बघायचे. तिचा दोनशे वीस आणि माझा एकशे चाळीस असला की माझा दिवस चांगला जायचा. काहीही खाते, तिला शिस्त नाही, सगळे लाडावून ठेवतात, असं म्हणत मी खुशीत पोळ्या लाटायचे. तिचा माझ्यापेक्षा चांगला आला की भाजीत मीठ जास्त पडायचं. मी एका लहान पोरीशी शर्यत लावली होती. तिला मात्र या शर्यतीचा पत्ताच नाही, असं मी धरून चालले होते.

*

त्या रविवारी हंगाम भरात होता. विंचूरच्या पलीकडे एका बागेचं सॅम्पल घ्यायचं होतं आणि सुधीरनं मला गाडीनं सोडायचं कबूल केलं होतं. सकाळी मनूचा नवा सेन्सर सुरू होईना. तो म्हणाला, तू हो पुढे, हे बघितल्याशिवाय मला निघता येणार नाही. मी चप्पल आपटत गेले. एसटीनं, उभ्यानं.

सॅम्पल घ्यायची एक पद्धत असते. एकाच घडाचे मणी घेतले तर साखर खोटी येते. उन्हाच्या बाजूचा मणी गोड, सावलीतला कच्चा. म्हणून ओळीच्या दोन्ही बाजूंनी, घडाच्या वरून, मधून, खालून, असे शंभर मणी गोळा करायचे, पिशवीत घालून हातानं चुरायचे आणि त्या रसाचा थेंब काचेवर घ्यायचा. प्रत्येक थेंबानंतर काच डिस्टिल्ड पाण्यानं धुवून पुसायची, नाहीतर आधीच्या थेंबाची साखर पुढच्यात मिसळते. आणि कुठलंही रीडिंग दोनदा घ्यायचं. हे मी नव्या पोरींना ओरडून ओरडून शिकवलंय.

साडेबाराला हातातलं काम संपलं. बाग ज्यांची, त्या जिजाबाई बांधावर डबा उघडून बसल्या होत्या. मी ओढणीला हात पुसले, मशीन काढलं, बोट टोचलं. तीनशे बेचाळीस.

इतका आकडा मला हॉस्पिटलनंतर कधी आला नव्हता. माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो हा की बघा, सकाळच्या त्या मनस्तापानं साखर चढली. मला तो आकडा जवळजवळ आवडला. घरी जाऊन सुधीरच्या तोंडावर मारता येणार होता. वाढलेल्या साखरेसाठी शिकवलं होतं तितकं जादा इन्सुलिन मी घेतलं आणि साखर उतरेपर्यंत जेवायचं नाही असं ठरवलं. दुसऱ्यांदा मोजलं नाही. दिवसभर काच धुतली होती, बोट धुतलं नव्हतं.

अर्ध्यापाऊण तासानं मला घाम सुटला. जिजाबाईंनी विचारलं, "ताई, लय घाम आला तुम्हाला. ऊन लागलं का काय? दोन घास खाऊन घ्या." मी त्यांच्यावर खेकसले. साखर वाढलीय माझी, खायला सांगताय? हात थरथरत होते, ओळीतल्या वेली एकात एक मिसळत होत्या. डोक्यावर मांडवभर द्राक्षं लटकत होती, तेवीस ब्रिक्सची, आणि मी त्यांच्याकडे बघून मनाशी म्हणत होते, एकही नाही, तीनशे बेचाळीस, एकही नाही.

मला फक्त भांडायचं होतं. साखर खाली गेली की माणूस भांडतो, हे आता माहीत आहे. मी सुधीरला फोन लावला. उचलला मनूनं. काका अंगणात गाडी पुसतोय, ती म्हणाली. त्याचा फोनसुद्धा तिच्याच हातात, हे ऐकून माझ्या अंगाची लाही झाली. जीभ जड झाली होती, पण विष बरोबर ओकलं. मी म्हणाले, "तुझं बरंय बाई. तुझा आकडा घरभर दिसतो. इथे माझा तीनशे बेचाळीस झालाय, कोणाला आहे का त्याचं?"

ती म्हणाली, "मोठी आई, हात धुतले होतेस का?"

"काय?"

"द्राक्षं हाताळलीस ना तू? माझं आंब्याच्या हातानं झालं होतं तसं. तुझा इतका येतच नाही कधी. आणि तू बोबडं बोलतेयस. तुझी साखर खाली गेलीये. द्राक्षं खा. मोजू नकोस, आधी खा."

मी नाही म्हणाले. ती पुन्हा म्हणाली, खा. मी पुन्हा नाही म्हणाले. तिसऱ्यांदा ती इतक्या जोरात ओरडली की शेजारी जिजाबाईंना ऐकू गेलं. त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला, कानाला लावला, दोनदा "बरं बाळा" म्हणाल्या आणि एक घड तोडून माझं तोंड उघडून मणी कोंबायला लागल्या. वाइनच्या द्राक्षाची साल जाड, आत बी. मी बीसकट चावले. रस हनुवटीवरून गळ्यात उतरत होता.

थोड्या वेळानं जिजाबाईंनी कॅनच्या पाण्यानं माझे हात धुतले, लहान मुलाचे धुवावेत तसे, बोटांच्या बेचक्यांतून. मग मी मोजलं. अठ्ठावन्न. तेही अख्खा घड खाऊन झाल्यावर.

*

सुधीर तासाभरात पोचला. जिजाबाईंनी त्याला पाणी दिलं, मला त्यांची भाकरी खायला लावली आणि दोघांना बांधावर सोडून त्या ओळीत निघून गेल्या. त्याच्या शर्टाचं वरचं बटण चुकीच्या काजात होतं. तो म्हणाला, "सेन्सर असता तर हे झालंच नसतं. तूच नको म्हणालीस."

"तू पुन्हा विचारायला हवं होतंस."

"मला वाटलं, खरंच नको असेल."

"वीस वर्षं झाली," मी म्हणाले, "माझं पहिलं नको कधी खरं होतं?"

तो हसला नाही. त्याचे डोळे भरले. तो म्हणाला की मनूच्या वेळी काय करायचं ते डॉक्टर सांगत होते, स्वाती सांगत होती, फोन सांगत होता, आणि मी सगळं एकटी इतकं नीट करत होते की मला काही हवंय असं त्याला वाटलंच नाही. मी म्हणाले, मी नीट करत नव्हते, मी जळत होते. हे मोठ्यानं बोलल्यावर पोटातली एक गाठ सैल झाली. सगळी नाही.

आता ज्यांच्यासाठी लिहितेय त्यांना दोन गोष्टी सांगते. बोट टोचायच्या आधी हात धुवा. नुसते पुसू नका, धुवा. फळ कापलं असेल, पीठ मळलं असेल, साखरेचा डबा उघडला असेल, तरी धुवा, आणि आकडा विचित्र वाटला तर पुन्हा मोजा. दुसरी गोष्ट जास्त अवघड आहे. जे हवंय ते पहिल्याच खेपेला हवं म्हणा. जेवणाच्या पंगतीत नको म्हणायला हरकत नाही. आजारपणात आग्रहाची वाट बघत बसू नका. समोरचा दुष्ट नसतो, दमलेला असतो.

सेन्सर सगळ्यांना परवडत नाही, हे मला माहीत आहे. मी स्वतः वर्षभर बोटांवर काढलं आणि जिवंत राहिले. बोटंही चांगलीच असतात, फक्त धुतलेली हवीत.

*

पुढच्या आठवड्यात माझा पहिला सेन्सर आला. लावायचा मनूनं, असं मी सांगितलं. तिनं माझा दंड स्पिरिटनं पुसला, वाळू दिला, मला श्वास सोड म्हणाली आणि खटका दाबला. मुंगी चावल्याइतकंही दुखलं नाही. वर लावायला तिनं स्वतःच्या डबीतली पट्टी दिली, माशाची.

नवा सेन्सर पहिला एक तास काही सांगत नाही. कातडीखाली बसायला त्याला वेळ लागतो. सुधीर बाजारात गेला आणि आम्ही दोघी जिन्याच्या पायरीवर फोन मांडीवर घेऊन बसलो. दुपारची वेळ होती, खाली सासूबाई झोपल्या होत्या.

मनू म्हणाली, आता तुझंही सगळ्यांना दिसणार. तिच्या आवाजात आनंद नव्हता. मी विचारलं, काय झालं? ती म्हणाली की तिला माझं बरं वाटायचं. फ्रीजच्या मागे जायचं, टोचायचं, आकडा आपल्यापाशी ठेवायचा. कोणी विचारत नाही, काय खाल्लंस, कुणी दिलं, लपवून खाल्लंस का. तिनं वर्गात वाढदिवसाचा केक चाखला की ती शाळेतून घरी यायच्या आत घरात तिघांना कळलेलं असतं. मी डब्यातून चिक्कीचा तुकडा उचलला तर कोणाचा फोन वाजत नाही.

मला बागेतलं तिचं बोलणं आठवलं आणि मी विचारलं, माझा इतका येत नाही, हे तुला कसं ठाऊक होतं?

ती पायरीवरची माती नखानं खरवडत राहिली. मग तिनं सांगितलं. रोज संध्याकाळी अभ्यास झाला की ती खाली यायची, फ्रीजवरचं माझं मशीन घ्यायची आणि बटण दाबून मागचे आकडे बघायची. तिच्याकडे आधी तसलंच मशीन होतं. सकाळचा, दुपारचा, रात्रीचा, सगळे. मी हॉस्पिटलमधून आले त्या दिवसापासून तिनं एकही दिवस चुकवला नव्हता.

"कशाला बघायचीस?"

"तुझा माझ्यापेक्षा चांगला येतो का, ते बघायला."

"मग?"

"तुझाच चांगला असायचा. बहुतेक रोज." तिनं माझ्याकडे बघितलं नाही. "मला तू आवडायची नाहीस, मोठी आई."

मी वर्षभर ज्या घरात माझा आकडा कोणीच बघत नाही म्हणून कुढले होते, त्याच घरात तो रोज बघितला जात होता. मी तिला कुशीत ओढलं. ती आधी ताठ बसली, मग सैल झाली. तिच्या दंडावरचा सेन्सर माझ्या बरगडीला टोचत होता.

"मलाही तू आवडायची नाहीस," मी म्हणाले.

"माहितीये," ती म्हणाली आणि माझ्या मांडीवरचा फोन उचलून किती मिनिटं राहिली ते बघू लागली.